डोळ्यांदेखत घ्यायची गोळी

३ मार्च, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. रोज जमेलच असं नाही.

काल औषधविक्रेत्यांच्या संघटनेची बैठक होती. पाहुण्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फिट येणाऱ्या बऱ्याच जणांना पुन्हा फिट येते, कारण ते गोळ्या नीट घेत नाहीत. आणि हे डॉक्टरच्या आधी दुकानदाराला कळू शकतं, कारण गोळ्या संपायच्या दिवशी गिऱ्हाईक फिरकलं नाही तर तो पहिला ओळखतो. बाकीच्यांचं लक्ष चहा कधी येतो याकडे होतं. माझे मात्र कान टवकारले. बाई जे शिकवत होत्या ते मी घरी किती वर्षं करतो आहे! चिऊला, म्हणजे माझ्या मुलीला, शाळेत असल्यापासून फिट येतात. आता ती पंचविशीची आहे. सकाळी सातला गोळी माझ्या हातून, माझ्या डोळ्यांदेखत, वर पाणी. मग 'आ' कर, जीभ वर कर. वर्ष उलटून गेलं, एकही फिट नाही. हा काही योगायोग नव्हे.

तर माझ्या दुकानातली फिटची सगळी गिऱ्हाइकं आता मी हातात घेणार. त्यांच्या नोंदी दुकानाच्या संगणकात आणि माझ्या मनातल्या इथे.

६ मार्च, गुरुवार

रंगारी आला. घरांना रंग देणारा माणूस, फिट येतात म्हणून उंचावर चढणं सोडलंय, खालच्या भिंती करतो. गोळ्या संपायला हव्या होत्या, पण पाकिटात निम्म्या शिल्लक. एरवी मी त्याला चांगला झाडला असता. पण बाईंनी सांगितलं होतं, ओरडू नका, विचारा. म्हणून आवाज खाली आणून विचारलं, "का राहतात रे बाबा?"

तो आधी इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सकाळची गोळी घेतली की दुपारी पेंग येते, साहेब. ब्रश गळतो हातातून. मुकादम सगळ्यांसमोर टर उडवतो. म्हणून कामाच्या दिवशी नाही घेत."

मी तिथूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, रात्री घेऊ दे की, काही हरकत नाही. त्याला सात कप्प्यांची डबी दिली, दात घासायच्या ब्रशजवळ ठेव म्हटलं. एखादी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस, मला फोन कर. जाताना म्हणाला, "इतकी वर्षं सगळे 'घे, घे' म्हणतात. का घेत नाहीस, हे तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत."

छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

मागच्या वर्षी चिऊचीही अशीच कुरकुर होती. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासते. सकाळच्या गोळीने तिथे झोप येते, अक्षरं पुसट दिसतात, रात्री घेऊ का, वगैरे. मी ठणकावून सांगितलं, रात्री मी दुकान बंद करून कधी येईन याचा नेम नाही, तेव्हा कोण बघणार? सकाळी म्हणजे सकाळी. पुन्हा तिने नाव काढलं नाही. झोपेची तक्रारही आपोआप गेली. सवयीने सगळं होतं.

११ मार्च, मंगळवार

दुपारी काय बघावं, चिऊ समोरच्या दुकानातून बाहेर पडतेय! सख्ख्या बापाचं औषधाचं दुकान रस्त्याच्या या बाजूला, आणि ही त्या बाजूला. विचारलं तर म्हणे, तोंडाला लावायचं मलम हवं होतं, आपल्याकडे नसतं. नसतं तर मागवलं असतं.

ते दुकान चालवणाऱ्या बाईला मी खुर्चीवाली म्हणतो. दोन वर्षांपूर्वी आली. काउंटरच्या आत एक खुर्ची ठेवलीय, पुढे पडदा. गिऱ्हाइकाला बसवते आणि गप्पा मारते. औषधाचं दुकान आहे की वधुवर सूचक मंडळ, असं मी एकदा संघटनेत म्हणालो तेव्हा सगळे हसले होते. तीही हसली. तिला राग येत नाही, हाच तिचा दोष.

१४ मार्च, शुक्रवार

घरात तमाशा झाला.

सकाळी चिऊ आंघोळीला गेली होती. आमच्या बाथरूमला आतून कडी नाही, मीच काढून टाकलीय. ती आत असली की मी बाहेर पेपर घेऊन बसतो आणि तिने बोलत राहायचं, म्हणजे शुद्धीवर आहे हे कळतं. लहानपणी पाढे म्हणायची. हल्ली छापखान्यातल्या गोष्टी सांगते. आज पाण्याच्या आवाजातच म्हणाली, "बाबा, मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळालीय. मोठी प्रकाशनसंस्था आहे. पुढच्या महिन्यापासून बोलावलंय."

दरवाजाआडून सांगितलं. तोंड दिसत नाही तिथून.

मी म्हटलं, "आणि तिथे तुला बघणार कोण?"

"वर्ष झालं, बाबा. एकही फिट नाही."

"ती कोणामुळे नाही?"

पाणी बंद झालं. आतून काही आवाज येईना. मी दार ढकलणार तेवढ्यात म्हणाली, "शुद्धीवर आहे मी. फक्त बोलत नाहीये."

तिला वाटतं मला हौस आहे. फिट काय असते हे तिने कधी पाहिलेलं नाही, ती तेव्हा तिथे नसते. मी असतो. तिचं डोकं फरशीवर आपटतं तो आवाज मी ऐकलाय. तेव्हापासून एक लग्न नाही, एक प्रवास नाही. दुकान ते घर, घर ते दुकान. फोन वाजला की हातातलं टाकून धावतो. अडकलो आहे मी, आणि हे कोणाला सांगायची सोय नाही.

जेवताना ही, म्हणजे चिऊची आई, म्हणाली, "एक सांगू का? चिडणार नसाल तर."

"तिची बाजू घेणार असशील तर नको सांगूस."

ती उठली आणि वाळलेले कपडे घड्या करायला लागली.

१९ मार्च, बुधवार

रंगाऱ्याने डबी रिकामी करून आणली, शहाण्या मुलाने रिकामा डबा दाखवावा तशी. मुकादमाने त्याला मोठ्या कामावर घेतलंय. एका शिंपीणबाईंना मी फोनवर गजर लावून दिला होता, त्याही वेळेवर आल्या. त्यांना म्हटलं, एक जास्तीची गोळी पाकिटात ठेवा, बाहेर अडकलात तर. चांगलं चाललंय. संघटनेने मला पुढच्या बैठकीत बोलायला सांगितलंय.

चिऊ माझ्याशी कामापुरतं बोलते.

२२ मार्च, शनिवार



गॅलरी झाडताना कुंडीला धक्का लागला, पडली, फुटली. माती उपसायला गेलो तर मातीत पांढरे गोळे. आधी वाटलं खत. बोटाने दाबलं. गोळ्या. विरघळलेल्या, अर्ध्यामुर्ध्या, काही अजून अखंड, वर कंपनीचा शिक्का. मूठभर निघाल्या. माझ्याच दुकानातल्या, माझ्याच हातून दिलेल्या.

जीभ वर कर म्हटलं की वर करायची. गालात धरत असणार.

म्हणजे कित्येक महिने ही पोरगी औषधाशिवाय आहे. आणि फिट नाही ती निव्वळ नशिबाने. आज येईल, उद्या येईल, रस्त्यात येईल, त्या परक्या शहरात जिन्यावर येईल.

सगळं पुन्हा मातीत घालून नवी कुंडी आणून ठेवली. कोणाला सांगितलं नाही. हिलाही नाही. सांगू काय? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पुढच्या बैठकीत मी भाषण करणार आहे, घरात मुलगी गोळ्या पुरते आहे.

आरडाओरडा केला तर दुसरी कुंडी शोधेल. मी तिच्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत. विचार करून करायचं.

२३ मार्च, रविवार

केलं.

संध्याकाळी दुकानाच्या खलबत्त्यात दिवसभराची मात्रा कुटली, कागदाच्या पुडीत बांधली. घरी लवकर आलो, दूध गरम केलं, दाट कोको घातला, साखर जास्त, कारण गोळी कडू असते. चिऊने वास घेऊन म्हटलं, "बाबा, तुम्ही केलंत?" आणि सगळं प्यायली. हिने डोळे मोठे केले. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा गॅस पेटवलात. सूर्य कुठे उगवला म्हणायचा?"

चिऊ हसली. भांडणानंतर पहिल्यांदा.

सकाळची गोळीही देत राहणार, आ कर, जीभ वर कर. तिने खुशाल गालात धरावी. आता मला माहीत आहे, तिला माहीत नाही.

२७ मार्च, गुरुवार

रोज कोको. आज म्हणाली, तुम्ही बदललात बाबा. मला फार बरं वाटलं, आणि लगेच कसंतरीच वाटलं.

ही पुन्हा म्हणाली, "आता तुमचा मूड बरा आहे तर एक बोलायचं होतं. तिच्या औषधाचं." मी म्हटलं, औषधाचं माझ्यावर सोड, तुला त्यातलं काय कळतं. तिने कपाळाला हात लावला. काय बोलायचं असेल ते असो.

चिऊ जरा सुस्त दिसते. नोकरीला नाही म्हटल्याचं मनाला लावून घेतलंय.

३१ मार्च, सोमवार

चिऊ दाराच्या चौकटीला धडकली. कप हातातून निसटला. छापखान्यातून तिने तपासलेले कागद परत आले, पानोपानी चुका. ती म्हणाली, एका ओळीच्या दोन ओळी दिसतात. बोलताना जीभ जड आहे.

हे काय आहे ते मला कळतं. इतके महिने औषध नव्हतं, त्याचा हिशेब आता मेंदू मागतोय. फिट जवळ आली आहे. मी सुरू केलेली मात्रा पुरत नसणार. आजपासून पुडीत अर्धी गोळी जास्त.

२ एप्रिल, बुधवार

छापखान्यात जाणं बंद केलं. तिने फार वाद घातला नाही. भिंत धरून उभी होती. म्हणाली, "बाबा, मला काय होतंय?" असं तिने लहानपणी विचारलं होतं, पहिल्या फिटनंतर. मी म्हटलं, मी आहे ना.

दुपारी खुर्चीवाली रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली. कधी येत नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमच्या मुलीला काल पाहिलं. चाल बघितलीत तिची? डोळे बघितलेत? तिचं रक्त तपासून घ्या. आजच."

"माझ्या मुलीच्या औषधाचं मी बघतो."

"म्हणूनच सांगतेय. औषध कमी पडल्यावर माणूस असा चालत नाही. जास्त झाल्यावर चालतो. हे तुम्ही मला शिकवायला हवं."

मी म्हटलं, माझ्याकडे खुर्ची नाही, नाहीतर बसा म्हणालो असतो. ती गेली. काही माहीत नसताना लोक काय बोलतात! जास्त कुठून होणार? ती घेतच नव्हती. एका माणसाची जी मात्रा तीच तर मी देतोय, अर्धी इकडेतिकडे.

तरी पुस्तक काढून बघितलं. लिहिलंय ते मला पाठ आहे. फेनिटॉइन, म्हणजे चिऊचं औषध, त्याची मात्रा थोडी वाढली तरी रक्तातली पातळी एकदम चढते. तोल जाणे, दोन दोन दिसणे, जीभ जड होणे. पण वाढायला आधी काहीतरी असायला हवं ना. पुस्तक मिटून ठेवलं.

आजही कोको दिला. तिने अर्धाच घेतला, मळमळतंय म्हणाली. उरलेला मी समजावून पाजला.

४ एप्रिल, शुक्रवार

चिऊ जिन्यावरून पडली. फिट नव्हे. शुद्धीवर होती, पाय कुठे ठेवतोय तेच कळलं नाही तिला. कपाळाला टाके, मनगट मोडलं. रुग्णालयात ठेवलंय. नेहमीचेच मेंदूचे डॉक्टर आहेत.

रक्ताचा अहवाल आला. औषध हवं त्याच्या दुपटीहून जास्त.

डॉक्टर आम्हा दोघांना बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "घरात काही झालं होतं का? नोकरीवरून? तिने एकदम खूप गोळ्या घेतल्या असाव्यात. असं करतात मुलं, जीव नकोसा झाला की."

मी म्हटलं, शक्यच नाही, ती गोळ्या घेतच नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मातीत पुरते.

तेव्हा ही बोलली. भिंतीकडे बघून बोलली. "सकाळच्या पुरते. रात्रीच्या घेते. वर्ष झालं. समोरच्या दुकानातून आणते. त्या बाईंनी तिला बसवून विचारलं, मग तिने या डॉक्टरांकडून वेळ बदलून घेतली. एक दिवस चुकवलेला नाही पोरीने. मला माहीत होतं. तीनदा सांगायला आले तुम्हाला."

डॉक्टर म्हणाले, हो, आली होती. घरी सांगू नका म्हणाली. ती सज्ञान आहे, मी नाही सांगितलं.

मी बाकावर बसलो. रात्रीची तिची पूर्ण मात्रा. आणि वर संध्याकाळी माझी.

कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे काचेतून चिऊकडे बघत होते.

५ एप्रिल, शनिवार

सांगितलं नाही.

दिवसभर डॉक्टर, परिचारिका, आणखी एक बाई येऊन तिला गोड बोलून विचारत होत्या, किती घेतल्यास, कधी घेतल्यास, आम्ही रागावणार नाही. ती प्रत्येकीला तेच सांगत होती, नाही घेतल्या. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला. माझ्या बायकोनेसुद्धा तिच्या पर्समधलं सगळं काढून पाहिलं. ही, जिला वर्षभर सगळं माहीत होतं, तीसुद्धा.

संध्याकाळी चिऊ आईला म्हणाली, "आई, मी झोपेत घेत असेन का गं? मला आठवत नसेल?"

मी तिथेच होतो. 

मनात काय आलं ते लिहितो. इथेही खोटं लिहायचं तर दुकानातला संगणक काय वाईट होता? मी गप्प राहिलो तर उद्या मनोविकाराचे डॉक्टर येतील. तिच्या कागदांवर लागेल, जिवाला धोका, एकटीला सोडू नये. नोकरी जाईल. खोलीचं दार उघडं राहील. गोळ्या माझ्याकडे येतील, सगळ्या, आणि कोणी मला चूक म्हणणार नाही. ती घरी असेल, कायमची, सुरक्षित. मला फक्त गप्प राहायचं आहे. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते आता असं ताटात वाढून आलंय.

हे माझ्या मनात आलं, आणि बराच वेळ तिथे राहिलं. मला माझीच किळस आली.

६ एप्रिल, रविवार

मनोविकाराचे डॉक्टर यायच्या आधी सांगितलं. डॉक्टर, ही आणि चिऊ, तिघांसमोर. खलबत्ता, पुडी, कोको, वरची अर्धी गोळी, बुधवारी समजावून पाजलेला अर्धा कप. उभ्याने सांगितलं. बसलो असतो तर राहून गेलं असतं.

डॉक्टरांनी पेन उघडलं. मग म्हणाले, "तुम्ही औषधविक्रेते आहात." बस, एवढंच, आणि कागदावर आधी लिहिलेल्या दोन ओळी खोडल्या.

मला वाटलं होतं चिऊ ओरडेल. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "म्हणजे मी घेतल्या नव्हत्या." पुन्हा म्हणाली, "मी घेतल्याच नव्हत्या." मग रडली, पण सुटल्यासारखी. आईचा हात धरून म्हणाली, "मला वाटलं, मला वेड लागलं."

हिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी सांगायला लागलो की मी घाबरलो होतो, मला फरशीचा तो आवाज ऐकू येतो. चिऊ म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या रंगाऱ्याला विचारलंत, का घेत नाहीस. घरी येऊन कौतुकाने सांगितलंत आम्हाला. मी जेवत होते. मला वाटलं, आता मलाही विचारतील."

 

डॉक्टर म्हणतात, औषध काही दिवस थांबवून पातळी उतरली की रात्रीची मात्रा पुन्हा सुरू. नोकरीचं विचारल्यावर म्हणाले, टाके निघाले की जाऊ दे. रुजू व्हायची तारीख चिऊने फोन करून पुढे ढकलून घेतली. तिथलं औषधाचं दुकान कोणतं, हे खुर्चीवाली बघून देणार आहे. मी विचारलं नाही. माझ्यासमोर बोलल्या म्हणून कळलं.

मी निघताना तिला तहान लागली. ही खाली गेली होती, खोलीत आम्ही दोघंच. मी भांड्यातून ग्लासात पाणी ओतलं आणि पुढे केलं. तिने चांगल्या हाताने ग्लास घेतला आणि उजेडाकडे धरून पाण्यातून आरपार पाहिलं. तिला तसं करायचं नव्हतं, मला दिसावं म्हणून तर मुळीच नाही. हात आपोआप वर गेला. मग माझ्याकडे बघून तिने ग्लास ओठांजवळ नेला आणि तिथेच धरून ठेवला. मी पिशवी उचलली. दारातून वळून पाहिलं तेव्हाही ती तशीच बसली होती, मी जायची वाट बघत.